सुईचं वादळ

मी अलिबागचा. आमच्या किनाऱ्याजवळच्या वेधशाळेत ‘चुंबकीय वादळं’ नोंदवतात, हे लहानपणी ऐकलं तेव्हापासून त्या शब्दाचा माग काढायची मला ओढ आहे.

हे नाव दिलं अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी. 1806-07 मध्ये बर्लिनच्या एका बागेतल्या लाकडी खोलीत ते रात्र-रात्र जागून दर अर्ध्या तासाला चुंबकसुईची दिशा टिपत. डिसेंबर 1806 मध्ये आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळला आणि सुई सैरभैर झाली. वारा नाही, पाऊस नाही, तरी त्यांनी त्याला जर्मनमधला गडगडाटी वादळाचा शब्द लावला: ‘उनगेविटर’. माझ्या मते याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

त्या शब्दाचं सर्वांत मोठं रूप आपल्या मुंबईनं टिपलं. 2 सप्टेंबर 1859 रोजी कुलाबा वेधशाळेत क्षैतिज चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लानं कोसळल्याची नोंद झाली. चुंबकीय वादळांचे अभ्यासक आजही त्या आकड्यापाशी येऊन थांबतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेनं चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून नानाभाई मूस यांनी मोजणी अलिबागला आणली. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक ते. इमारत बांधताना लोखंड कटाक्षानं टाळलं. 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणून 1846 पासूनची कुलाब्याची मालिका अलिबागच्या नोंदींशी जोडता येते.