चूक कोणाची? : प्रयोगशाळेतून नियंत्रण कक्षाकडे गेलेल्या एका बोधनशास्त्रज्ञाची वाटचाल

पुण्याहून नाशिककडे जाणारा राजमार्ग नारायणगाव मागे टाकून उत्तरेस निघाला म्हणजे जुन्नर तालुक्यात आळेफाटा येथे त्याला दुसरा एक मोठा मार्ग छेदतो. हा मार्ग कल्याणहून माळशेज घाट चढून येतो आणि पुढे अहिल्यानगरकडे जातो. घाटावरचा शेतमाल, कोकणातून येणारी जड वाहने, एस.टी.च्या गाड्या आणि आसपासच्या गावांतील दुचाक्या ह्यांची येथे गाठ पडते. अशा चौकात अपघात घडला की वृत्तपत्रातील एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते : ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने’. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य कारण सांगते. शास्त्राच्या दृष्टीने मात्र ते घडलेल्या गोष्टीचेच दुसऱ्या शब्दांत केलेले वर्णन होय. ताबा का सुटला, हा प्रश्न तसाच उरतो. हा प्रश्न प्रथम विद्यापीठात बसून, आणि पुढे विद्यापीठाबाहेर पडून ज्यांनी आयुष्यभर विचारला, त्या डोनाल्ड नॉर्मन ह्या अमेरिकन बोधनशास्त्रज्ञाच्या वाटचालीचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

नॉर्मन ह्यांच्या वाटचालीचे वर्णन सामान्यतः ‘शुद्ध संशोधनाकडून व्यवहाराकडे’ असे केले जाते. ते अपुरे आहे, असे मला वाटते. कारण ज्या शास्त्रात त्यांनी पदार्पण केले त्याचा उगमच मुळी व्यवहारात झाला होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅप मिटण्याऐवजी विमानाची चाकेच वर घेत, आणि विमान धावपट्टीवर पोट टेकून आदळे. अल्फान्स चापानिस ह्या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो दोन्ही खटके शेजारी शेजारी व एकसारख्या आकाराचे. त्याने एका खटक्यास चाकाच्या आकाराची मूठ बसवावी व दुसऱ्यास पाचरीच्या आकाराची बसवावी असे सुचविले. अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला. १९४७ साली पॉल फिट्स व जोन्स ह्यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचे विश्लेषण केले आणि त्यांतील पुष्कळशा चुका विमानातील उपकरणांच्या मांडणीशी निगडित असल्याचे दाखविले. इंग्लंडात केंब्रिज येथे १९४४ साली उपयोजित मानसशास्त्राचे संशोधन-केंद्र निघाले. त्याचे पहिले संचालक केनेथ क्रेक. मन हे बाह्य जगाची लहानशी प्रतिकृती आत बाळगते व तिच्या आधारे पुढचे ओळखते, हा त्यांचा १९४३ मधील विचार आजच्या बोधनशास्त्राचा एक पाया मानला जातो. आणि ह्याच काळात ते वैमानिकांच्या थकव्याचे प्रयोग करीत होते. त्याच केंब्रिजमध्ये मॅकवर्थ ह्यांनी रडारवरील पहारेकऱ्यांच्या अवधानाचा अभ्यास केला व अर्ध्या तासातच दक्षता उतरू लागते हे दाखविले. क्रेक १९४५ च्या मे महिन्यात, युरोपातील युद्धसमाप्तीच्या आदल्या दिवशी, सायकलवरून जाताना मोटारीच्या उघडलेल्या दारावर आपटून झालेल्या अपघातात गेले. त्यांचे वय ३१ होते.

युद्धानंतर ही विद्या दोन प्रवाहांत विभागली. एक प्रवाह कारखान्यांत व विमानोद्योगात शिरला. ब्रिटनमध्ये त्यास अर्गोनॉमिक्स व अमेरिकेत मानवी घटकांचा अभ्यास असे नाव पडले. दुसरा विद्यापीठात स्थिरावला, आणि स्मृती, अवधान, भाषा ह्यांची प्रतिमाने रचण्यात रमला. काही वर्षांतच दोघांची ओळख जवळजवळ पुसली गेली.

नॉर्मन हे दुसऱ्या प्रवाहातले. जन्म १९३५ चा. मॅसॅच्युसेट्समधील सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठातून १९५७ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी, पेनसिल्व्हानिया विद्यापीठातून १९६२ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट, त्यानंतर हार्वर्ड येथे जॉर्ज मिलर व जेरोम ब्रूनर ह्यांनी स्थापिलेल्या बोधन-अभ्यास केंद्रात काही काळ, आणि १९६६ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील शाखेत अध्यापन. १९६९ मध्ये स्मृती व अवधान ह्या विषयावरील ग्रंथ, १९७२ मध्ये पीटर लिंडसे ह्यांच्यासह लिहिलेले पाठ्यपुस्तक, डेव्हिड रुमेलहार्ट ह्यांच्यासह स्मृतीच्या रचनेचे संशोधन : अशी ही एका यशस्वी प्राध्यापकाची कारकीर्द होती. १९७९ च्या उन्हाळ्यात बोधनशास्त्राच्या नव्या संस्थेची पहिली परिषद त्यांच्याच विद्यापीठात भरली.

त्याच वर्षी २८ मार्च रोजी पेनसिल्व्हानियातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात पहाटे चारच्या सुमारास पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले. अणुभट्टी ठरल्याप्रमाणे आपोआप थांबली. दाब कमी करणारी एक झडप उघडली. ती पुन्हा मिटावयास हवी होती, ती उघडीच अडकून राहिली. तिच्यातून भट्टीला थंड ठेवणारे पाणी वाहून जाऊ लागले. नियंत्रण कक्षातील फलकावर त्या झडपेचा दिवा मात्र विझला होता, आणि दिवा विझला म्हणजे झडप मिटली, असे तेथील कर्मचारी समजत. वास्तविक तो दिवा झडपेची स्थिती दाखवीतच नव्हता. झडप मिटण्याचा विद्युत-संदेश गेला, एवढेच तो सांगत होता. पेशवे दफ्तराची कागदपत्रे चाळलेल्या कोणाही अभ्यासकास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. हुकूम सुटणे वेगळे, अंमल होणे वेगळे; हुकमाच्या नकलेवरून अंमलाचा निष्कर्ष काढणारा इतिहासकार फसतो. येथे कर्मचाऱ्यांना हुकमाची नक्कल तेवढी दाखविली जात होती. गळतीचा सुगावा देणारा मापक फलकाच्या मागल्या बाजूस होता. दुसऱ्या एका दिव्यावर देखभालीच्या सूचनेची चिठ्ठी लोंबत होती. पहिल्या काही मिनिटांत शंभरांहून अधिक धोक्याचे इशारे एकदम सुरू झाले. त्यांची नोंद छापणारे यंत्र पुढे घटनांच्या तासन् तास मागे पडले. एका टाकीतील पाण्याची पातळी वर गेलेली दिसल्याने, प्रशिक्षणात शिकविल्याबरहुकूम, कर्मचाऱ्यांनी आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी केला. गळती बंद होण्यास दोन तासांहून अधिक वेळ गेला, आणि तोवर भट्टीचा गाभा मोठ्या प्रमाणावर वितळू लागला होता.

अपघातानंतर ह्या कर्मचाऱ्यांनी अशा चुका का केल्या, हे पाहण्यासाठी जे तज्ज्ञ बोलावले गेले त्यांत नॉर्मन होते. चुका करणाऱ्या मनाचा अभ्यास करण्यासाठी ते गेले, आणि ती माणसे समजदार होती व त्यांच्यासमोर मांडलेल्या खुणांवरून त्यांनी काढलेले निष्कर्षही समजण्यासारखे होते, ह्या निर्णयाप्रत आले. सदोष होती ती कक्षाची रचना. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील वळण हेच. पुढे नोकरी बदलणे हा त्याचा केवळ उत्तरार्ध होय. १९८१ साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात त्यांनी कृतिस्खलनांचे, म्हणजे हेतू बरोबर असूनही हातून भलतेच घडणाऱ्या कृतींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. चूक ही लज्जेची बाब न राहता अभ्यासाची सामग्री झाली.

पुढे ते केंब्रिजला क्रेक ह्यांच्याच संशोधन-केंद्रात सहा महिने राहिले. मनाच्या व्यवहारांचे जगन्मान्य अभ्यासक ज्या इमारतीत बसत, तिथल्याच नळांनी व दिव्यांच्या बटणांनी पाहुण्याला बेजार केले. त्या वैतागातून १९८८ चे ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ हे पुस्तक आकारास आले. नंतरच्या आवृत्तीत शीर्षकातील मानसशास्त्र जाऊन तेथे ‘डिझाइन’ आले. शीर्षकातील हा बदल लेखकाच्या स्थलांतराचा दाखला म्हणून वाचता येतो. १९९३ साली नॉर्मन प्राध्यापकी सोडून ॲपल कंपनीत गेले, काही काळ ह्यूलेट-पॅकार्डमध्ये राहिले, आणि १९९८ साली जेकब नीलसन ह्यांच्यासह त्यांनी सल्लागार संस्था काढली.

ह्या स्थलांतरात शास्त्राचे नुकसान झाले काय? काही अंशी झाले, हे मान्य केले पाहिजे. प्राध्यापकाचा प्रयोग फसला तरी तो छापता येतो. सल्लागाराचा निष्कर्ष ज्याने पैसे मोजले त्याच्या कपाटात जातो. चापानिसची चाकाच्या आकाराची मूठ सर्वांची झाली, पण गेल्या तीस वर्षांत खासगी अहवालांत किती निरीक्षणे गडप झाली ह्याचा हिशेब कोणीही देऊ शकणार नाही. शिवाय सल्लागाराला उत्तर मुदतीत द्यावे लागते, आणि मुदतीत मिळणारे उत्तर बहुधा आधीच ठाऊक असलेले असते. नॉर्मन स्वतः ह्या दोषातून बव्हंशी सुटले ते सार्वजनिक लेखनामुळे; त्यांची पुस्तके सल्लागारीच्या काळातही येत राहिली. २०१४ मध्ये ते आपल्या जुन्या विद्यापीठात डिझाइनची प्रयोगशाळा चालविण्यास परतले व २०२० मध्ये निवृत्त झाले.

तरीही विद्यापीठीय वर्तुळात ‘सल्लागार’ हा शब्द किंचित नाक मुरडून उच्चारला जातो, तो न्याय्य वाटत नाही. आळेफाट्यानजीक आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले म्हणतात त्या रेड्याची समाधी आहे. आख्यायिकेच्या ऐतिहासिकतेत येथे शिरत नाही. परंतु शास्त्र कोणाच्या तोंडून आले ह्यावरून त्याची प्रत ठरविण्याची खोड पैठणच्या शास्त्रीमंडळींपुरती नव्हती, एवढे त्या समाधीपाशी उभे राहिले की आठवते.

महाराष्ट्रात ह्या विद्येची स्थाने नाहीत असे नाही. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक मानसशास्त्र व शरीरक्रियाविज्ञान ह्यांचा अभ्यास चालतो, आणि पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र आहे. खुद्द जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अशा दुर्बिणीत तबकडीस दिलेली दिशा व तिने प्रत्यक्ष घेतलेली दिशा ह्या दोन वेगळ्या राशी मानाव्या लागतात. थ्री माइल आयलंडच्या दिव्याने नेमका हाच भेद गाळला होता. दूरच्या आकाशगंगांच्या बाबतीत जी काळजी आपण घेतो ती चौकातल्या माणसाच्या बाबतीत घेतो काय, हे पाहण्याचे एक साधन उपलब्ध आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात-अहवालात एक कोष्टक नियमभंगाचे असते : अतिवेग, मद्यपान, विरुद्ध दिशेने वाहन चालविणे, लाल दिवा ओलांडणे, भ्रमणध्वनीचा वापर. त्यातले प्रत्येक कलम वाहन चालविणाऱ्याच्या वर्तनाचे आहे. चौकाचा प्रकार, रस्त्याचा आकार, हवामान ह्यांची कोष्टके स्वतंत्र पानांवर येतात. अतिवेगाखाली नोंदलेला अपघात कोणत्या आकाराच्या चौकात, कोणत्या प्रकाशात व कोणत्या फलकाच्या किती अलीकडे घडला, हे ह्या दोन पानांवरून जुळविता येत नाही; त्यासाठी पोलीस ठाण्यातील मूळ पंचनामे एकेक करून वाचावे लागतात. फिट्स व जोन्स ह्यांनी ४६० वाचले होते. आळेफाट्याच्या चौकापुरते हे काम एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले आहे.