कंबरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेतील जोखीम घटक

कंबरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेतील जोखीम घटक म्हणजे पाठीच्या कण्याच्या खालच्या भागावर शस्त्रक्रिया करताना अथवा तीनंतर गुंतागुंत होण्याची शक्यता वाढवणाऱ्या बाबी होत. यांपैकी वय व पूर्वीची शस्त्रक्रिया हे घटक बदलता येत नाहीत; तंबाखूचे सेवन, रक्तातील साखर व रक्तक्षय मात्र पूर्वतयारीने आटोक्यात आणता येतात.

शरीररचना

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. प्रौढ व्यक्तीत मज्जारज्जू बहुधा पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा असतो. त्यास इजा झाल्यास पायांतील शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा जाऊ शकतो. मणक्यांच्या पुढील बाजूस मोठ्या रक्तवाहिन्या असतात. चकती काढताना उपकरण पुढे गेल्यास पोटात रक्तस्राव होतो. असे क्वचित घडते, परंतु ते प्राणघातक ठरू शकते.

रुग्णाशी संबंधित घटक

* मधुमेह : साखर अनियंत्रित असल्यास जखमेत जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.
* तंबाखू : निकोटिनमुळे हाडे सांधण्यात अडथळा येतो. चघळण्याची तंबाखू व मिश्री यांतूनही निकोटिन शरीरात जाते; त्यामुळे विडी-सिगारेट न ओढणाऱ्या रुग्णानेही हे सेवन डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.
* अस्थिठिसूळता : मणक्यात बसवलेले स्क्रू सैल होण्याची भीती असते.
* रक्त पातळ करणारी औषधे : यांमुळे रक्तस्राव वाढतो, तथापि ती परस्पर बंद करणे हृदयरुग्णास घातक ठरू शकते.
* स्थूलता, कुपोषण, हृदय, फुप्फुस व मूत्रपिंडाचे विकार.

शस्त्रक्रियेशी संबंधित घटक

एकाहून अधिक मणक्यांवरील, दीर्घकाळ चालणाऱ्या व स्क्रू बसवाव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांत जोखीम अधिक असते. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या जागी व्रणऊती चिकटलेली असल्याने ड्युरा हे आवरण फाटून मज्जाद्रव गळू शकतो. रुग्णास पालथे झोपवले असता पोटावर दाब आल्यास रक्तस्राव वाढतो. मणक्यांची गणना चुकल्यास भलत्याच पातळीवर शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी क्ष-किरणाने पातळी निश्चित करतात.

प्रतिबंध व नंतरची देखभाल

कन्नड हे तालुक्याचे गाव छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. जिल्ह्याच्या या मुख्य ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, ‘घाटी’ या नावाने परिचित असलेले रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेनंतर गावी परतणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे अंतर महत्त्वाचे ठरते. लघवी तुंबणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पायांतील शक्ती कमी होणे ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णास त्वरित रुग्णालयात नेणे आवश्यक असते. ताप, जखमेतून स्राव, उभे राहताच वाढणारी डोकेदुखी, पोटरीवर सूज आणि धाप लागणे या लक्षणांकडेही दुर्लक्ष करू नये.