कडवट बिअर आणि एका पेशीचा शोध

बिअरला नको ती चव आली, की पहिला संशय भांड्यांच्या स्वच्छतेवर जातो, मग पाण्यावर आणि माल्टवर. घरी बिअर करणाऱ्या हौशी माणसाला पडणारा हा प्रश्न १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यापुढे उभा राहिला. तेथील बिअरला अप्रिय कडवटपणा आणि वास येऊ लागला होता.

कारखान्याचे संस्थापक याकोब क्रिस्टियन याकोबसेन यांनी १८४५ मध्ये म्युनिकहून यीस्ट आणले होते. आदल्या दह्याचे विरजण पुढच्या दुधाला लावावे, तसे एका घाण्यातील यीस्ट दुसऱ्या घाण्यात घातले जाई. अशा परंपरेत एखादा उपरा सूक्ष्मजीव शिरला, तर तोही वारशाने पुढे जातो.

लुई पाश्चर यांनी १८७६ च्या ग्रंथात बिअरच्या ‘रोगां’चे खापर जीवाणूंवर फोडले होते. यीस्ट शुद्ध करण्यासाठी त्यांनी टार्टारिक आम्लाचा उपाय सुचवला होता. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल क्रिश्चियन हान्सेन यांना मात्र वेगळाच संशय होता. दोषी जीवाणू नसून यीस्टचीच दुसरी, वन्य जात असेल तर? तसे असेल, तर आम्लाने जीवाणू मरतील. वन्य यीस्टला उलट मोकळे रान मिळेल. म्हणजे औषधच रोग वाढवणार.

अडचण अशी, की सूक्ष्मदर्शकाखाली चांगले आणि वन्य यीस्ट जवळजवळ सारखेच दिसते. मिश्रणाकडे कितीही वेळ पाहिले तरी आरोपी ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक संशयिताला एकटे पाडणे आवश्यक होते. हान्सेन यांनी द्रवातील पेशी मोजल्या आणि तो इतका विरळ केला, की प्रत्येक चंबूत सरासरी अर्धी पेशी पडावी. आजच्या संभाव्यताशास्त्राने हिशेब केला, तर अशा सुमारे ६१ टक्के चंबूंत काहीच वाढणार नाही, ३० टक्क्यांत एकच पेशी असेल आणि उरलेल्या ९ टक्क्यांत एकाहून अधिक. म्हणजे वाढ दिसलेल्या चंबूंपैकी जवळजवळ पाव भाग संशयास्पदच राहतो. ही शंका त्यांनी साध्या युक्तीने दूर केली. चंबू जोराने हलवून स्थिर ठेवला, की प्रत्येक पेशी जिथे बसेल तिथे वाढून एक ठिपका तयार होतो. एकच ठिपका असलेला चंबू शुद्ध.

अशा रीतीने कारखान्याच्या यीस्टमधून चार प्रकार वेगळे झाले. प्रत्येकाने स्वतंत्रपणे बिअर करून पाहिली, तेव्हा एकानेच चांगली बिअर दिली. कडवटपणा आणि वास आणणारा प्रकार होता ‘सॅकरोमायसिस पास्टोरियानस’, म्हणजे पाश्चर यांच्याच नावाची जात. सुरुवातीला साशंक असलेल्या याकोबसेन यांनी अखेर शुद्ध यीस्टला संमती दिली आणि १२ नोव्हेंबर १८८३ पासून ते उत्पादनात वापरले जाऊ लागले.

याकोबसेन यांचा पुढचा निर्णय तितकाच महत्त्वाचा ठरला. प्रयोगशाळेचा कोणताही महत्त्वाचा निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही, हा त्यांचाच नियम होता. त्यानुसार हे यीस्ट प्रतिस्पर्ध्यांनाही विनामूल्य मिळाले. १९०८ मध्ये हान्सेन यांनी त्याला ‘सॅकरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस’ असे नाव दिले. पुढे वर्गीकरण बदलले आणि आज जगभरातील लागर बिअरचे यीस्ट ‘पास्टोरियानस’ याच नावाखाली मोडते. एकेकाळच्या आरोपीचे नाव आता घरच्या माणसाला मिळाले आहे.

याच प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन मोजण्याची पद्धत दिली आणि सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये पीएच ही संकल्पना मांडली. भारतात अन्नातील प्रथिने आजही केल्डाल पद्धतीने मोजली जातात आणि शेतकऱ्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेत पीएचचा रकाना असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय संग्रह जपले जातात. एक जात, एक कुपी, एक ओळख ही त्यांची शिस्त हान्सेन यांच्या चंबूंशी नाते सांगते.

प्रयोगशाळेत एखादा प्रयोग बिघडला, की विद्यार्थी पुष्कळदा एकाच वेळी पाणी, रसायन आणि भांडे असे सगळेच बदलतात. प्रयोग सुधारतो, पण कारण हाती लागत नाही. हान्सेन यांनी चारही संशयितांना एकेक करून तपासले, म्हणूनच त्यांना केवळ चांगली बिअर नव्हे, तर ती का बिघडली होती याचे उत्तरही मिळाले.