मांजरेच्या पाण्याचा हिशेब : एकात्मिक पर्यावरणीय प्रारूपे आणि धोरणनिर्मिती

केज : बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, धनेगाव येथे मांजरा नदीवर बांधलेल्या धरणातून लातूर शहर व तेथील औद्योगिक वसाहत, केज, अंबाजोगाई, धारूर, कळंब या गावांना पाणी पुरविले जाते. शिवाय लाभक्षेत्रातील शेतीही याच पाण्यावर उभी आहे. २०१५-१६ च्या दुष्काळात हे धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेल्या पहिल्या 'जलदूत' गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका धरणाचे पाणी कितीजणांना देऊ केले आहे आणि त्या साऱ्या मागण्यांचा हिशेब कधी एकाच वहीत मांडला गेला आहे काय, हा प्रश्न त्या उन्हाळ्याने ठळक केला. असा हिशेब मांडण्याच्या शास्त्राला 'एकात्मिक पर्यावरणीय मूल्यांकन' असे म्हणतात. विकसनशील देशांच्या धोरणनिर्मितीत त्याचे महत्त्व वाढत असताना मांजरेच्या उदाहरणावरून त्याची उपयुक्तता आणि मर्यादा दोन्ही समजू शकतात.

प्रारूप म्हणजे काय?

पाऊस, माती, पीक, भूजल, बाजारभाव, लोकसंख्या यांचा अभ्यास सहसा वेगवेगळी खाती करतात. पाटबंधारे विभाग धरणातील साठा पाहतो, कृषी विभाग पेरणीक्षेत्र, नगरपालिका नळजोडण्या, तर साखर आयुक्तालय गाळप. एकात्मिक प्रारूप (मॉडेल) या सर्व घटकांमधील संबंध गणिती समीकरणांत बांधते आणि 'अमुक केले तर तमुक होईल' याची पडताळणी संगणकावर करून दाखवते. भविष्य वर्तविणे हा त्याचा हेतू नसतो. वेगवेगळ्या निर्णयांचे परिणाम शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे, हे त्याचे खरे काम होय.

या विचाराला जगभर प्रसिद्धी मिळाली ती १९७२ मध्ये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी 'क्लब ऑफ रोम'साठी तयार केलेल्या अहवालात लोकसंख्या, उद्योग, अन्न, प्रदूषण व नैसर्गिक साधने यांचा एकत्रित विचार करून वाढीला मर्यादा असल्याचा इशारा देण्यात आला. त्याला विकसनशील जगातूनच उत्तर आले. अर्जेंटिनातील बारिलोचे प्रतिष्ठानच्या अभ्यासकांनी अमिलकार हेरेरा यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये स्वतःचे प्रारूप प्रसिद्ध केले. साधनांची टंचाई हा मुख्य अडसर नसून त्यांचे विषम वाटप हा आहे, अशी त्यांची भूमिका होती आणि सर्वांच्या मूलभूत गरजा भागविणे हे त्यांच्या प्रारूपाचे उद्दिष्ट होते. प्रारूप कोण तयार करतो, यावर त्यातून कोणते प्रश्न विचारले जातात हे ठरते, हा धडा तेव्हाच मिळाला.

अशा प्रारूपांच्या आधारे प्रत्यक्ष करारही झाले आहेत. आम्लपर्जन्य रोखण्यासाठी युरोपीय देशांनी १९९४ मध्ये ऑस्लो येथे गंधकाविषयीचा करार केला, तेव्हा कोणत्या देशाने किती घट करावी याच्या वाटाघाटींना ऑस्ट्रियातील एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 'रेन्स' या प्रारूपाचा आधार होता. आशियासाठी जपानच्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने विकसित केलेल्या प्रारूपात अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचाही सहभाग राहिला.

धरण, ऊस आणि शहर

आता मांजरेकडे वळू. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर (दलघमी) आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. दरडोई दररोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष लावल्यास वर्षाला सुमारे १९ दलघमी पाणी लागते. पाटपाण्यावरील उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर पाणी लागते असे धरले, तर अवघ्या एक हजार हेक्टर उसाची गरज २० दलघमी भरते. म्हणजे एक हजार हेक्टर ऊस आणि लातूरएवढे शहर यांची वर्षाची तहान जवळजवळ सारखीच आहे.

एवढ्यावरून उसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. परंतु एकात्मिक प्रारूप तेथे थांबू देत नाही. शेतकरी ऊस लावतो तो त्याला कारखान्याचा ठरलेला दर आणि खात्रीचा ग्राहक मिळतो म्हणून. सोयाबीन, तूर वा हरभरा यांच्या भावाची तशी हमी प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून पाण्याचे समीकरण बाजाराच्या समीकरणाशी जोडावेच लागते. ठिबक सिंचनाने पाणी वाचते, हेही खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला गेला तर धरणावरील भार कमी होत नाही. पाणलोटातील गावांनी नाल्यांवर बंधारे बांधल्यास तेथील विहिरींना पाणी येते, मात्र कमी पावसाच्या वर्षी धरणात येणारा ओघ त्यामुळे किती घटतो, हेही पाहावे लागते. एक उपाय दुसऱ्या उपायाचे पाणी ओढतो काय, हे एकेका खात्याच्या टेबलावर कळत नाही.

या हिशेबात आणखी एक रकाना हवा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. केज हाही अशाच स्थलांतराचा तालुका. कोरडवाहू शेतीतून वर्ष निघत नाही, म्हणून हे लोक दुसऱ्यांच्या फडात जातात. गावातील पाण्याचे वाटप बदलले तर किती कुटुंबांचा कोयता खाली ठेवला जाईल, हा प्रश्न ज्या प्रारूपात नाही ते या तालुक्यापुरते तरी अपुरेच म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रातील प्रयत्न

खोरे हा घटक धरून विचार करण्याची परंपरा राज्यात आहे. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालात उपखोऱ्यांची तुटीची, सर्वसाधारण व विपुल अशी वर्गवारी केली आणि तुटीच्या खोऱ्यांत उसासारखी पिके टाळण्याचा सल्ला दिला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने एकात्मिक राज्य जल आराखडा बंधनकारक केला. तरीही आराखड्याविना प्रकल्प मंजूर होत राहिले. प्रा. प्रदीप पुरंदरे यांनी औरंगाबाद खंडपीठात २०१४ मध्ये जनहित याचिका दाखल केल्यानंतरच गोदावरी खोऱ्याच्या आराखड्याला गती मिळाली.

जायकवाडीच्या वादात आकडेमोडीचा थेट उपयोग झाला. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये ऊर्ध्व भागातील धरणे व जायकवाडी यांच्या साठ्यांचे कोष्टक सुचविले आणि प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबरचा साठा व ६५ टक्के ही मर्यादा आली. वाद त्याने मिटला नाही. पण कोणत्या स्थितीत पाणी सोडावे, यावर चर्चा करण्यास एक लेखी पाया मिळाला.

गावपातळीवर, जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडसह १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे निवडण्यात आली. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने गावाचा पाऊस, माती, उतार आणि पिके यांवरून पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन तयार केले. हिवरे बाजारने तर संगणकाशिवाय हेच साधले. पावसाच्या मोजमापावरून ग्रामसभेत पीकनियोजन करायचे आणि जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत, हा तेथील नियम.

मर्यादा कोणत्या?

प्रारूप त्याला पुरविलेल्या माहितीइतकेच विश्वासार्ह असते. 'महावेध' प्रकल्पामुळे दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आली, ही जमेची बाजू. परंतु विहिरी व कूपनलिकांतून किती पाणी उपसले जाते याची मोजदाद जवळपास होत नाही. कालव्यातील चोरी आणि सातबाऱ्यावर न नोंदलेला ऊस यांचीही नोंद कोठे नसते. जेथे माहिती अपुरी असते तेथे अंदाज धरावे लागतात आणि ते कोणी, कशाच्या आधारे धरले हे उघड नसेल तर लोकांचा विश्वास बसत नाही. विकसनशील देशांत परक्या तज्ज्ञांनी केलेली अनेक प्रारूपे अहवालाच्या कपाटातच राहतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

म्हणूनच मांजरेसारख्या धरणासाठी पहिली गरज महागड्या संगणकप्रणालीची नसून उघड्या हिशेबाची आहे. पावसाळा संपताच उरलेला साठा, पिण्यासाठीचे आरक्षण, बाष्पीभवन आणि शेतीला मिळू शकणारे पाणी यांचे आकडे केज, कळंब व लातूर येथील नागरिकांसमोर एकत्र ठेवले, तर उसाची लागवड होण्यापूर्वीच चर्चा होऊ शकेल. पाणी कोणाला द्यावे हा निर्णय अखेर राजकीयच राहील. त्याची किंमत कोण मोजणार, हे मात्र पाण्याची गाडी बोलावण्याआधी सर्वांना कळलेले असेल.