बसायची जागा, पाहायची वस्तू

रस्त्यावरच्या बैठकीकडे कलावस्तू म्हणून पाहायचे म्हटले की समोरचा आधी हसतो. बाकात कसला आलाय अभ्यास? त्याचे हसणे अगदीच गैर नाही. संग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी असते आणि इथे तर वस्तूवर लोक खुशाल बसतात, पाय वर घेतात, डुलकी काढतात. आपल्याकडे कलेचा इतिहास लिहिताना सगळा मान डोळ्यांना मिळाला. पाठ आणि मांडी यांना कुणी विचारले नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याचे स्वागत करताना एकच गोष्ट सांगायची आहे. शिल्प आणि आसन आपल्या मुलखात शतकानुशतके एकाच दगडात नांदत होते. त्यांची फारकत अलीकडची आहे आणि ती मुकाट्याने मान्य करण्याचे काही कारण नाही.

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या मुखमंडपात कक्षासन पाहावे. अर्ध्या उंचीची भिंत, तिच्या माथ्यावर बसायला सपाट शिळा आणि बाहेरच्या बाजूला कललेली दगडी पाठ. बाहेरून येणाऱ्याला ती कोरलेली पट्टी दिसते. आत बसणाऱ्याला तीच टेकायला मिळते. एकाच शिळेची एक बाजू रस्त्याकडे तोंड करून असते, दुसरी थकलेल्या पाठीकडे. मंदिरस्थापत्यावरच्या बहुतेक लिखाणात पहिल्या बाजूवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात, दुसरीवर एखादे वाक्य. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आणि मेहकर इथल्या वास्तूंची दखल हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या 1931च्या ग्रंथात घेतली. त्यातली मेहकरची धर्मशाळा आपल्या कामाची. मधे उघडे अंगण, भोवती खांबांच्या ओवऱ्या. ही काही देवाची जागा नव्हे. वाटसरूने पाठ टेकावी म्हणून उभारलेली, आणि तरीही खांब घडवताना हात आखडता घेतलेला नाही. सिंदखेडराजाच्या पुतळाबारवेचे नावच तिच्यातल्या शिल्पांवरून पडले. पाणी भरायला उतरणारे माणूस घागर टेकवून पायरीवर क्षणभर बसणार, आणि बसल्या जागी मूर्ती पाहणार. शिल्प पाहायला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता.

आता दुसरे टोक. एसटी स्थानक, सरकारी दवाखाना, मोक्षधाम, नाहीतर शाळेचे पटांगण. कुठेही जा, सिमेंटचा बाक असतोच. साच्यात ओतलेले दोन पाय, एक फळी, एक पाठ, आणि पाठीवर ठळक अक्षरांत 'कै.' किंवा 'स्व.', त्यापुढे नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ', त्याखाली देणाऱ्याचे गाव. अक्षरे कधी साच्यातच उठवलेली असतात, कधी पेंटरकडून ऑइलपेंटने काढून घेतलेली. रंगवलेल्या अक्षरांची एक गंमत आहे. लोक टेकतात तिथला रंग आधी झिजतो, म्हणून नावाचा मधला भाग जातो आणि दोन्ही कडांची अक्षरे उरतात. बाक किती वापरात आहे हे मोजायचे याहून साधे साधन मला तरी ठाऊक नाही. हे बाक सुंदर असतात असा दावा नाही. बरेचसे ओबडधोबडच असतात. पण ते कुणीतरी हौसेने, अक्षरांचा आकार आणि रंग ठरवून, चारचौघांसाठी ठेवलेले असतात. सार्वजनिक कलेकडून याहून वेगळे काय मागायचे?

ही रीत कालपरवाची नाही. कान्हेरीच्या लेण्यांत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या ब्राह्मी लेखांत, लेणे आणि पाण्याची पोढी यांच्या बरोबरीने बसायच्या आसनपेढिकाही दान दिल्याची नोंद आहे. देणाऱ्याचे नाव आहे, कुणाच्या पुण्यासाठी दिले तेही आहे. तिकडे इटलीतल्या प्राचीन पाँपेईत, नगराच्या वेशीबाहेर, मामिया नावाच्या पुजारिणीचे स्मारक म्हणजे अर्धवर्तुळाकार दगडी बाकच. पाठीवर तिचे नाव मोठ्या अक्षरांत कोरलेले. 1787 साली जर्मन कवी गोएथे तिथे गेला आणि त्या जागेचे वर्णन लिहून ठेवले. मेलेल्याचे नाव जिवंतांच्या पाठीशी ठेवायचे, ही कल्पना समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांना सुचली. चिखलीच्या किंवा मलकापूरच्या स्थानकात बसताना आपण या लांबलचक रांगेच्या शेवटी बसतो, एवढे ध्यानात असावे.

बुलढाणा जिल्ह्यात अशा बैठका पाहत फिरणाऱ्याने घाटावरचा आणि घाटाखालचा फरक आधी समजून घ्यावा. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा घाटावरचा भाग; इथे काळा दगड हाताशी, म्हणून ओट्याची कड, पाराची बांधणी, देवळाची पायरी घडीव दगडाची. घाटाखाली शेगाव, नांदुरा, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती. दगड लांबून आणावा लागे, म्हणून भिंती पांढऱ्या मातीच्या, ओटे शेणाने सारवलेले, आणि कलाकुसर दगडाऐवजी लाकडी खांबात किंवा सणासुदीला ओट्याच्या कडेला ओढलेल्या रंगाच्या पट्ट्यांत. दगडाची कला टिकली म्हणून ती मोठी आणि सारवणाची दर पंधरवड्याला पुसली गेली म्हणून ती किरकोळ, असा निवाडा घाईने करू नये.

बसणाऱ्यांनीही आपली भर घातली आहे. महाराष्ट्रभर लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांच्या ओट्यांवर सपाट दगडात कोरलेले खेळांचे पट सापडतात: वाटीसारख्या खळग्यांच्या ओळी, नवकंकरीचे चौकोनात चौकोन, वाघबकरीच्या रेघा. शिल्पकाराने दगड घडवला आणि वाट पाहत बसलेल्यांनी त्यावर आपले कोरीवकाम केले.

आता थोडे अवघड. 'या, बसा' हे ऐकायला गोड वाटते, पण ते कुणाला म्हटले जाई? चावडीवर आणि पारावर दलितांना बरोबरीने बसू दिले जात नव्हते, हा इतिहास आहे. पारावर आजही बहुतेक पुरुषच दिसतात. बाया समोरून जाताना पाऊल उचलतात. त्यांची बैठक घरच्या ओट्यावर, दुपारी, तीही हातात निवडायचे काहीतरी घेऊन, कारण रिकामे बसण्याची मुभा त्यांना सहसा नसते. म्हणून केवळ पाराचा फोटो काढून परतणारा अभ्यासक अर्धेच गाव घेऊन येतो. उरलेले अर्धे बुद्धविहाराच्या ओट्यावर, दर्ग्याच्या पायरीवर, पहाटे मजूर कामाची वाट पाहत बसतात त्या नाक्याच्या कठड्यावर असते. मला विचाराल तर बैठकीच्या घडणीपेक्षा तिथे कोण बसत नाही, ही नोंद जास्त मोलाची आहे.

शिल्प आणि आसन यांची ताटातूट मात्र आपल्याच काळात झाली. चौकात पुतळा येतो, त्याला देखणा चौथरा येतो आणि लगेच चौथऱ्याभोवती लोखंडी रेलिंग येते. रेलिंगमागे सुरक्षेचे कारण असते आणि ते खोटे नसते. पण परिणाम असा की चौकातली सगळ्यात चांगली बांधलेली कड कुणालाच टेकायला मिळत नाही. नांदुऱ्याची 105 फुटी हनुमानमूर्ती महामार्गावरून जाणाऱ्याला लांबूनच दिसते. ती पाहण्यासाठीच आहे, आणि तसे असायलाही हरकत नाही. तक्रार वेगळी आहे: पाहायच्या गोष्टींवर खर्च होतो, बसायच्या गोष्टी निविदेत उरकल्या जातात. स्थानकांत सिमेंटच्या बाकांच्या जागी स्टीलच्या जाळीदार खुर्च्या येत आहेत. प्रत्येकाची जागा वेगळी, मधे दांडा. तिथे म्हातारे माणूस आडवे होऊ शकत नाही आणि 'सरक जरा' म्हणायचीही सोय नाही.

पाहायचे आणि बसायचे एकत्र आणता येते, हे बार्सिलोनाच्या ग्युएल उद्यानातल्या नागमोडी बाकाने दाखवले आहे. वास्तुकार गौदीची रचना, फुटक्या फरशांचे जडावकाम बरेचसे त्याचा सहकारी जुजोल याचे, आणि हजारो लोक रोज त्यावर बसतात. न्यूयॉर्कचे चौक न्याहाळून विल्यम व्हाइटने 1980 साली लिहिलेल्या पुस्तकातला निष्कर्षही ऐकण्यासारखा आहे: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. आपल्या कुठल्याही आजोबांनी हे फुकट सांगितले असते. फरक इतकाच की व्हाइटने ते मोजून दाखवले.

आपल्याला ते मोजणेच शिकायचे आहे. त्यासाठी पदवी लागत नाही; टेप, वही आणि थोडा निर्लज्जपणा पुरतो. बसायच्या जागेची उंची, खोली, पाठीचा कल, सावली किती वाजेपर्यंत राहते, कोरलेले किंवा रंगवलेले काय आहे, नाव कुणाचे, कोण बसते, कोण उभेच राहते, एवढे लिहून घ्या. आपल्या गावात रस्ता रुंदीकरणासाठी ज्या ओट्यांवर लाल रंगाच्या खुणा पडल्या असतील, तिथून सुरुवात करा. बाकीचे थांबू शकतात.