गहाळ नसलेल्या मूल्यांची मोजणी

गहाळ नसलेल्या मूल्यांची मोजणी म्हणजे विदासंचातील एखाद्या स्तंभात प्रत्यक्ष नोंदली गेलेली मूल्ये किती आहेत, हे आज्ञावलीच्या साहाय्याने ठरविण्याची क्रिया होय. स्तंभातील एकूण ओळी आणि उपलब्ध मूल्ये यांत वर्गाची पटसंख्या व हजेरी यांच्यासारखाच फरक असतो. मध्य, प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी यांच्या सूत्रांत येणारी संख्या हजेरीची असते, पटाची नव्हे.

आर भाषेतील पद्धत

आर या संगणकभाषेत गहाळ मूल्य 'एनए' या खुणेने दर्शवितात. 'लेंग्थ' हे फल ही खूणसुद्धा मोजते, त्यामुळे त्यातून केवळ पटसंख्या मिळते. 'इज.एनए' हे फल प्रत्येक मूल्य गहाळ आहे की नाही याचे सत्य किंवा असत्य असे उत्तर देते. त्याच्या आधी उद्गारचिन्ह लावले की उत्तरे उलटतात. सत्य म्हणजे 1 व असत्य म्हणजे 0 धरले जात असल्याने 'सम' या फलाने त्यांची बेरीज केली की हवी ती संख्या हाती येते. समानतेच्या चिन्हाने 'एनए'शी तुलना केल्यास मात्र उत्तरही 'एनए' असेच येते. नवशिक्यांना हे चमत्कारिक वाटते, परंतु ते तर्काला धरून आहे: अज्ञाताशी केलेली तुलना अज्ञातच राहणार.

उदाहरण

आर भाषेसोबत मिळणाऱ्या 'एअरक्वालिटी' या विदासंचात न्यू यॉर्कमधील मे ते सप्टेंबर 1973 या काळातील 153 दिवसांच्या हवेच्या नोंदी आहेत. त्यांपैकी ओझोनची 37 मूल्ये गहाळ असून 116 उपलब्ध आहेत. सौर प्रारणाची 7 मूल्ये गहाळ आहेत. एकही मूल्य गहाळ नसलेल्या ओळी 111 आहेत व त्या 'कम्प्लीट.केसेस' या फलाने शोधता येतात.

ओझोनच्या उपलब्ध मूल्यांची बेरीज 4887 आहे. तिला 116 ने भागल्यास मध्य सुमारे 42.1 येतो. 153 ने भागल्यास तो 31.9 इतका खाली घसरतो. म्हणजे न मोजलेल्या दिवशी ओझोन शून्य होता असे मानल्यासारखे होते. प्रमाण त्रुटीही 116 घेतल्यास सुमारे 3.06, तर 153 घेतल्यास 2.67 येते. दुसऱ्या आकड्यातील अचूकता फसवी आहे.

महिनावार मोजणी अधिक बोलकी ठरते. मे, जुलै व ऑगस्टमध्ये प्रत्येकी 26 आणि सप्टेंबरमध्ये 29 मूल्ये उपलब्ध आहेत. जूनमध्ये मात्र केवळ 9. जूनच्या मध्याला इतर महिन्यांइतकेच वजन देणे म्हणूनच योग्य नव्हे. एकूण संख्येवरून हे लक्षात येत नाही.

अन्य प्रणाली

पायथनमधील पांडाज या संग्रहातील 'काउंट' ही पद्धत गहाळ मूल्ये आपोआप वगळते. एसक्यूएलमध्ये 'काउंट'च्या कंसात तारका लिहिल्यास सर्व ओळी, तर स्तंभाचे नाव लिहिल्यास केवळ उपलब्ध मूल्ये मोजली जातात. स्टाटा प्रणाली गहाळ मूल्याला कोणत्याही संख्येहून मोठे मानते. त्यामुळे साठ वर्षांवरील व्यक्ती मोजताना वय न नोंदविलेल्याही त्यांत मिसळतात.

छुपी गहाळ मूल्ये

काही नोंदींत माहितीच्या अभावी 999 किंवा उणे 99 असे आकडे भरलेले असतात. आधी त्यांचे 'एनए'मध्ये रूपांतर केले नाही, तर ते उपलब्ध म्हणून मोजले जातात. आर भाषेत रिकामी अक्षरमालाही गहाळ समजली जात नाही. याउलट, देशांच्या द्व्यक्षरी संकेतांत नामिबियाचा संकेत 'एनए' हाच आहे. 'रीड.सीएसव्ही' हे फल वेगळी सूचना नसल्यास त्याला गहाळ मूल्य समजते, आणि मोजणीतून एक देश वगळला जातो.