उतरणीच्या वाटेवर: लूक 10:25–37 वर सीमाभागातून भाष्य

वचने 25–28. शास्त्री उभा राहतो आणि सार्वकालिक जीवनासाठी काय करू, असे येशूला विचारतो. उत्तर त्याला पाठ आहे. देवावरचे प्रेम तो अनुवाद या ग्रंथातून घेतो, शेजाऱ्यावरचे लेवीयातून, आणि दोन्ही एका दमात म्हणून दाखवतो. येशू पैकीच्या पैकी गुण देतो. आपल्याकडे पहिल्या कम्युनियनच्या वर्गातले पोरही एवढे सांगेल, तेव्हा पुढे जाऊ.

वचन 29. मग तो स्वतःची बाजू राखायला विचारतो, माझा शेजारी कोण? हा मोजणीदाराचा प्रश्न आहे: दगड कुठे रोवायचा ते सांगा, आतल्यांवर प्रेम करतो. बेळगाव-निपाणीच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. 1956 ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा, या सगळ्यात आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. राज्यांना हद्द लागते, आणि तिच्यासाठी भांडणाऱ्यांना मी हसणार नाही. शास्त्र्याला मात्र ती हद्द जिव्हाळ्याला घालायची आहे.

वचन 30. यरुशलेम ते यरीहो वाट सुमारे 27 किलोमीटरची, आणि तेवढ्यात उतार हजारभर मीटरचा. तवंदी घाट ओळखीचा असलेल्याला वळणे, दगड आणि ओसाडी वेगळी सांगायला नको. लुटारू त्या माणसाचे कपडे काढतात आणि त्याला अर्धमेला टाकून जातात. हा तपशील उगाच आलेला नाही. माणूस कुठला ते पेहरावावरून कळते, नाहीतर बोलीवरून. याच्या अंगावर कपडे नाहीत आणि तोंडून शब्द नाही. आपल्या भागात समोरच्याने दोन वाक्ये बोलली की तो खडकलाटचा, खानापूरचा की गोकाकचा, हे आपण मनात नोंदवून टाकतो. लूकने ती सोयच ठेवलेली नाही.

वचने 31–32. याजक आणि लेवी. प्रेताच्या विटाळाची भीती हे त्यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण. पण मूळ ग्रीकमध्ये याजक त्या वाटेने 'उतरत' होता. म्हणजे मंदिराकडे पाठ होती, सेवा बहुधा उरकलेली होती. रविवारची मिस्सा आटोपून घरी निघालेले आपण.

वचन 33. सगळी कथा या एका क्रियापदावर तोललेली आहे. 'स्प्लाग्ख्ना' म्हणजे आतडी, आणि शोमरोन्याच्या बाबतीत लूक त्याच शब्दापासून झालेले क्रियापद वापरतो. 'दया' हा प्रतिशब्द इथे थिटा पडतो, कारण दया वरून खाली करता येते. मराठीत मूळ अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे: आतडे तुटणे, पोटात कालवणे. आई लेकरासाठी जे म्हणते ते. हेच क्रियापद लूक नाईनच्या विधवेला पाहणाऱ्या येशूसाठी वापरतो, आणि उधळ्या मुलाच्या बापासाठीही. देवाचे प्रेम दाखवायचे म्हणजे काय, याचे लूकचे उत्तर असे पोटातून येते.

आणि ते येते कुणाला? शोमरोन्याला. आराधना कुठल्या डोंगरावर करायची, गरिज्जीमवर की यरुशलेमात, हा त्या दोन समाजांचा जुना सीमावाद. एकच अध्याय आधी शोमरोन्यांच्या गावाने येशूला उतरू दिलेले नाही, आणि शिष्य त्या गावावर आकाशातून आग पाडायला निघाले होते. तो राग ताजा असताना येशूने हा नायक निवडला.

वचन 34. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचे जनावर, उतारशाळा. संत ऑगस्टीनसारख्यांनी यातून रूपक काढले: शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च. सुंदर आहे, पण मला ते पचत नाही. त्यात जखम पुसट होते. शोमरोन्याने स्वतः खाली उतरून जखमीला जनावरावर बसवले, म्हणजे पुढची वाट तो पायी चालला. 2019 आणि 2021 च्या पुरात वेदगंगेच्या पाण्याने निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग अडला, तेव्हा ट्रकवाल्यांच्या रांगेत भाकरी नेणे हे रूपक नव्हते.

वचन 35. दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. निपाणीत विडीची मजुरी हजारावर मोजतात. बाईने दिवसाला हजार वळल्या असे धरले, तर दोन हजार विड्यांचे पैसे. रक्कम डोळे दिपवणारी नाही. डोळ्यांत भरते ते पुढचे बोलणे: जास्त लागले तर परतताना देईन. किराणा दुकानदाराला 'माझ्या नावावर लिहा' म्हणण्यासारखे हे आहे. खाते उघडे ठेवले.

आपला कायदाही या माणसाच्या नावाने ओळखला जातो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'गुड समॅरिटन'ला संरक्षण दिले, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला आता कोर्टकचेरीची भीती नको. पण कायदा पहिल्या दिवसापुरता आहे. दुसऱ्या दिवशीच्या बिलाची सक्ती तो कुणावर करू शकत नाही. त्यासाठी दुसरी सवय लागते. फ्रेडरिक ओझनाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 1833 मध्ये पॅरिसला सोबत्यांसह सुरू केलेली व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी त्याच सवयीवर चालते: धर्मग्रामातल्या गरजू घरी जायचे, आणि पुन्हा जायचे. पुन्हा जाणे हे पहिल्यांदा जाण्याहून अवघड. पहिल्या खेपेला कौतुक असते, चौथ्या खेपेला औषधाची चिठ्ठी.

वचने 36–37. येशू प्रश्न उलटवतो: शेजारी कोण, हे राहिले बाजूला, शेजारी झाला कोण? शास्त्र्याला 'शोमरोनी' हा शब्द तोंडातून काढवत नाही. ज्याने दया केली तो, असे तो आडून म्हणतो.

नावाची ही अडचण आम्हाला कळते. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. दर वर्षी त्याच तारखेला एका गल्लीत राज्योत्सव असतो, दुसरीत काळा दिन, आणि चर्चच्या पंचांगात सर्व संतांचा सण. वर मी बेळगाव लिहिले, तेव्हा हात क्षणभर थांबला होता. येशू शास्त्र्याला ते नाव उच्चारायला लावत नाही. जा आणि तूही तसेच कर, एवढे म्हणतो, आणि पुढच्याच वचनात मार्थेच्या गावाला लागतो.